अण्णांची जागा

अनुजा,

मला आष्ट्यात प्रात्यक्षिक परीक्षा आहे, यायला सात वाजतील. साडेपाचला तुझ्या दादाचा फोन येईल. त्यानंतर तो महिनाभर सीमेवरच्या चौकीवर, तिथं रेंज नाही.

गच्चीवरच्या इंटरनेटच्या पेटीत दोष नाही, टॉवरही समोर दिसतो. तरी रोज साडेपाचला अकरा मिनिटं सिग्नल अडतो. मी तीन आठवडे नोंद ठेवली. अण्णा होते तेव्हा याच वेळी कठड्याशी उभे राहून ऊस बघायचे. पेटी आपण नेमकी त्यांच्या त्या जागेच्या मागं बसवली.

काल फोन अडकला, तेव्हा आई रिकाम्या गच्चीवर म्हणाल्या, “आवं, सरा की जरा बाजूला, पोराला बोलायचं हाय.” सिग्नल लगेच आला.

आई आज वडूजला आहेत, म्हणून तू सांग. लेकीचं ते ऐकायचे. फोन झाला, की ‘या आता’ म्हणायला विसरू नको.

क्रांतीवहिनी