बन्सीच्या बैलाचे डोळे

मी, खाली सही करणार दत्तोपंत नृसिंह निसळ, वय वर्षे पासष्ट, पूर्वी शाळेत ड्रॉइंग मास्तर, राहणार केडगाव, तालुका नगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. माझा पुतण्या चि. शामकांत त्याबद्दल शंका काढील, म्हणून साक्षीला डॉक्टरच बोलावले आहेत.

१. राहते घर, विहिरीतील हिस्सा व पोस्टातील शिल्लक माझी कन्या विजया हिला. विधवा मुलीला घरी आणले तेव्हा ज्यांनी नाके मुरडली, त्यांनी आता घराकडे पाहू नये.

२. काष्टीचा बन्सी सुतार याने घडवलेली लाकडी जनावरे व माझ्या चित्रांची पेटी बन्सीची पत्नी साळूबाई हिला. दोन्ही एकत्रच राहावीत, कारण त्यांतले एकही काम एकट्याचे नाही. काष्टीच्या बाजारी मी बैल चितारायला जाई, तेथे ओळख झाली. मी चित्रात खूर काढीत नसे, ते बन्सी कोळशाने काढी. तो जनावराला डोळे कोरीत नसे, ते माझ्याकडे. तो बैल मांडीवर घट्ट धरी, मी पटाशी चालवी. मग भुसा फुंकून म्हणे, "मास्तर, आता बगतोय बगा त्यो! लई झ्याक!" उभ्या नोकरीत शाळेत मला कोणी बरे म्हटले नाही. हा म्हणे, आणि चुकले तर तोंडावर सांगे.

३. गेल्या साली मी मोतीबिंदू काढायला पुण्यास गेलो. बन्सीने घडवलेला नवा खिलार बैल डोळ्यांविना माझ्या घरी होता, माझी वाट पाहत. चि. शामकांतला वाटले, काम अर्धवट राहिले. त्याने काचेचे मणी आणून चिकटवले आणि नगरच्या प्रदर्शनात बैल माझ्या एकट्याच्या नावाने मांडला. चांदीचा पेलाही मिळवला. धन्य तो पुतण्या! बन्सी ते पाहून तडक घरी आला. विजयाने केलेला चहा त्याने घेतला नाही. "मास्तरांना दुसरा गडी घावला, व्हय? बरं झालं," म्हणाला आणि गेला. मी परतण्याआधी त्याला पटकीने नेले. मीच त्याला दगा दिला असे समजून तो मेला. चि. शामकांतला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

४. पेला साळूबाईने मोडावा.

५. मणी मी चिमट्याने उपटले आहेत. त्यांची पुडी चि. शामकांतला द्यावी. माझ्या इस्टेटीत त्याचा हक्क तेवढाच.

६. बैल साळूबाईकडे तसाच आंधळा जाईल. त्याला कोणीही डोळे करू नयेत. विजया म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला दिसतंय, तुम्हीच करा ना." बसलो होतो पटाशी घेऊन. लाकूड हलू लागले. विजया म्हणाली, "मी धरते." मी पटाशी खाली ठेवली.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

दत्तोपंत नृसिंह निसळ

साक्षीदार :
डॉ. राधाकृष्ण गोविंद देवचके, नगर
कारभारी सखाराम शिंदे, शेतकरी, केडगाव (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम केडगाव, ता. ३ मार्च १९४६