शेतात अर्थिंग आहे का?

शनिवार, संध्याकाळ

उद्या सुमनला घेऊन खुलताबादला, तिच्या धाकट्या भावाच्या शेतात, आपला कॅम्पिंगचा ट्रेलर लावून रात्री त्यातच झोपायचं आहे. झोपताना तिला श्वासाचं मशीन लागतं, म्हणून दोन वर्षांत ती कुठं मुक्कामाला गेली नाही. शेतातल्या लाइनवर मशीन चालावं म्हणून उस्मानपुऱ्यात अ‍ॅडॅप्टर आणायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, यानं नुसती पिन बसंल. व्होल्टेज उसळलं तर सर्ज प्रोटेक्टर पाहिजे. अन् तिथं अर्थिंग हाय का? नसंल तर त्याचाबी भरवसा नाय."

अर्थिंग! हे मी विचारलंच नव्हतं. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "नाय दाजी, इथं कधी केलंच नाय."

घरी येऊन सुमनला म्हटलं, जाणं रद्द करू. खरं लिहायचं तर हायसं वाटलं होतं. तिनं ते ओळखलं.

"मशीन मला लागतं. भीती तुम्हाला वाटते," ती म्हणाली. मग तिनंच भावाला फोन लावला. "सकाळी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घे. झालं की आम्ही निघतो."

मी दुकानात परत जाऊन प्रोटेक्टर आणला. दोन वर्षं मी तिला जपत होतो, की स्वतःला? ती आत बॅग भरतेय. माझेही कपडे तिनंच काढून ठेवलेत.