एकशे विसाव्या कपानंतर

३ ऑगस्ट, सोमवार
ठरलं. ऑफिसखालच्या गाडीवरचा चहा बारा रुपये. खोलीवर केला तर पाच. इलेक्ट्रिक किटली, थर्मास आणि सहा कप मिळून आठशे चाळीस. प्यायलेले कप x मानू.
12x > 5x + 840
7x > 840
x > 120
एकशे एकविसाव्या कपापासून निव्वळ नफा. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. शिकलेलं पेपरात ठेवून यायचं नाही, जगण्यात आणायचं. सगळं घेऊन आले.
आईचा फोन. म्हणाली, सहा कप कशाला गं, एकटीच तर राहतेस. म्हटलं, सेट सहाचाच मिळतो. (सुटेही होते.)

५ ऑगस्ट, बुधवार
थर्मास ऑफिसात नेला. चार वाजता सेक्शनची मंडळी उठली. शेजारच्या टेबलवरची म्हणाली, चल गं खाली. मी थर्मास दाखवला, असमानताही मांडून दाखवली. म्हणाली, बाई, तुझं बरं आहे, आम्ही आपले उधळे. प्रभावित झाली असावी.

७ ऑगस्ट, शुक्रवार
सगळ्यांना रविवारी चहाला बोलावलं. x भराभर वाढेल, त्यांचेही बारा वाचतील. हेडक्लार्क म्हणाले, येऊ की, पत्ता पाठव. नकाशासकट पाठवला. ग्रुपवर तीन अंगठे. म्हणजे माणसं ≥ 3.

९ ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी ५. सहा कप तयार. खुर्ची एकच आहे, पण पलंगावर चौघं मावतात.
७.४०. लोकांना रविवारी हजार व्याप असतात. कळतं मला. चार कप प्यायले, दोन मोरीत ओतले. मोरीतले x मध्ये धरलेले नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
शेजारची आता चल म्हणत नाही. समंजस आहे. चार ते सव्वाचार सेक्शनमध्ये इतकी शांतता असते की कामाचा नुसता फडशा पडतो. आज एकच फाईल दोनदा तपासली.

२० ऑगस्ट, गुरुवार
पित्त. डॉक्टरांनी विचारलं, चहा दिवसाला किती? म्हटलं, सध्या टार्गेट आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. गोळ्यांचे पंच्याण्णव झाले. ते आरोग्याच्या खात्यात, गणितात नकोत.

२३ ऑगस्ट, रविवार
नळ गळत होता, प्लंबर आला. त्याला आग्रहाने चहा पाजला. पाहुण्याचा पहिला कप. म्हणाला, ताई, कप एवढे, माणसं कुठं गेली? म्हटलं, येतील. तो गेल्यावर नळ जरा हलवून पाहिला. पक्का बसलाय.

१ सप्टेंबर, मंगळवार
बाबांचा फोन. विचारत होते, जीव रमतो का गं तिथे. म्हटलं, एकशे दहा झाले. म्हणाले, काय? म्हटलं, रमतो.

३ सप्टेंबर, गुरुवार
एकशे वीस. म्हणजे बरोबरी, नफा नव्हे. नवा ठराव: उद्यापासून चार वाजता खाली जायचं. भांडवल वसूल झाल्यावर अधूनमधून बारा खर्च करायला शास्त्रात कुठेही बंदी नाही. उद्या थर्मास मुद्दाम रिकामाच न्यायचा.

४ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी x = 121. नफा सात. केस धुतले, इस्त्रीचा ड्रेस घातला.
चार वाजता सगळे उठले. मीही पर्स हातात घेऊन अर्धी उठले. शेजारची दारातून वळली. म्हणाली, बरं झालं तू असतेस गं, आम्ही येईपर्यंत फोन आला तर घेशील ना? म्हटलं, हो, जा तुम्ही निवांत.
ती अजून बघत होती, म्हणून थर्मास उघडला आणि झाकणात ओतल्यासारखं केलं.
तो x मध्ये धरलेला नाही.