वाटेचा हक्क आणि गीताबाईंची इतर मिळकत

मी, गीताबाई भीमा भिंगारदिवे, वय ६६, धर्म बौद्ध, धंदा लेखन, म्हणजे गाणी, नाटके, वर्तमानपत्रातले लेख आणि गोरगरिबांचे तक्रारअर्ज, राहणार सावेडी, अहमदनगर, माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. ऐकू थोडे कमी येते, पण लिहायला त्याची अडचण नाही. कोणाची बळजबरी नाही. मुलगी शुभांगी वकील आहे, तिने आग्रह धरला एवढेच. मजकूर माझा आहे. तिने घातलेले 'तदनंतर' मी खोडले आहे.

१. सावेडीतले दोन खोल्यांचे घर मी आणि माझे पती कालकथित भीमा यांनी कष्टाने बांधले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. हे घर शुभांगी आणि मुलगा प्रवीण यांना निम्मे निम्मे. प्रवीण म्हणाला, "आई, सगळं ताईच्याच नावावर कर, मी काही म्हणणार नाही." पोरगा गुणी आहे. पण माझ्या घरात मुलीला मेहरबानी म्हणून काही मिळायचे नाही. निम्मे, आणि हक्काने.

२. टंकयंत्र गावातल्या वाचनालयाला द्यावे. याच यंत्रावर मी एका वर्तमानपत्रासाठी कित्येक वर्षे लेख लिहिले. ते छापून यायचे 'एक भगिनी' या नावाने. संपादकांना कारण विचारले, तर म्हणाले, "आडनाव बघून लोक पान उलटतात हो." पुढे त्या लेखांचे पुस्तक निघाले, तेव्हा मुखपृष्ठावर आडनाव सर्वांत मोठ्या टाइपात घ्यायला लावले. आता तिसरी आवृत्ती निघाली आहे. तिची एक प्रत त्या संपादकांना नेऊन द्यावी. टपालाने पाठवू नये, हातात द्यावी.

३. 'बनुबाई थांबलीय' या नाटकाविषयी.

बनुबाई माझ्या सासूबाई. १९७४ च्या उन्हाळ्यात त्या घोडेगावजवळच्या आमच्या गावी वारल्या. वस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट बागायतदार श्रीमंतरावांच्या बांधावरून होती, आणि त्यांनी ती काटेरी तारेने बंद केली होती. आम्ही तिरडी घेऊन उभे. ते पलीकडून म्हणाले, "वढ्यातनं फिरून जावा. हितनं न्हाई." ओढ्यातल्या दगडधोंड्यांत तिरडी कलली, भीमाने आईला एका हाताने सावरले. भीमाचा तो चेहरा पाहिला आणि घरी येऊन लिहायला बसले.

नाटकात तिरडीवरची म्हातारी उठून बसते आणि कुंपणवाल्याला जाब विचारते. म्हातारी मीच झाले. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात टेम्पोवर उभे राहून प्रयोग केला. बैलांचे सौदे थांबले. एक फेटेवाले शेतकरी गर्दीतून ओरडले, "आरं, मेलेल्या मान्साला कसली जात? काडा की त्ये कुंपन!"

श्रीमंतरावांनी शांतताभंगाची फिर्याद केली. वकील द्यायची ऐपत नव्हती, मीच उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारले, "या नाटकात चिथावणी आहे का?"

"वाचून कळायचं नाही साहेब. करून दाखवते."

"किती वेळ लागेल?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

बाकावर आडवी झाले आणि उठून बसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी निर्दोष सुटले. नाटकातला तोच प्रसंग तक्रारअर्जाच्या भाषेत लिहून तहसीलदारांकडे दिला आणि कुंपण काढण्याचा हुकूम झाला. तार निघाली त्या दिवशी कोणीही वारलेले नव्हते, तरी आख्खी वस्ती डफ वाजवत, गात, त्या वाटेने गेली आणि गातच परत आली.

ही वाट मी मृत्युपत्रात कोणालाही देत नाही. ती माझी नाही, सगळ्यांची आहे. माझ्या हयातीत एवढी मोठी गोष्ट घडली, तिच्यावर माझी मालकी नाही, याचा मला फार आनंद आहे.

नाटक मात्र माझे आहे. ते कोणीही, कुठेही, परवानगी न विचारता करावे. एक शब्दही बदलू नये.

४. श्रीमंतरावांशी असलेले वैर. गेल्या वर्षी ते बाजारात भेटले, थकलेत. म्हणाले, "बाई, नाटकात मला लई वंगाळ दावलं तुमी."

मी म्हणाले, "तुमचं काम करायला कोणी तयारच होईना. शेवटी भीमानं केलं."

ते मोठ्याने हसले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही. हे वैर माझे आहे आणि माझ्याबरोबर संपेल. मुलांनी ते पुढे चालवू नये.

५. सध्या लिहीत असलेले नाटक अपुरे राहिल्यास कोणी पूर्ण करू नये. पण ते अपुरे राहणार नाही. शेवटचा प्रवेश लिहून झाला आहे आणि आज संध्याकाळी हे नाटक बसवणाऱ्या केडगावच्या मुलींपुढे तो वाचायचा आहे. दारात रिक्षा उभी आहे, ओंकार रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. म्हणून बाकीचे शुभांगीवर सोपवून, वाचून, समजून सही करते.

सही : गीताबाई भीमा भिंगारदिवे

आमच्यासमक्ष सही केली, आणि लगेच निघाल्या :
१. गहिनीनाथ आसाराम कराळे, निवृत्त शिक्षक
२. डॉ. चेतन गोरक्षनाथ पगारे

स्थळ : सावेडी, अहमदनगर
दिनांक : ३ मार्च १९९७