कोर्टाने पालक नेमलेली आई

मी, डेल्फीन मारी ऊलेट, कै. आर्मांड ऊलेट यांची पत्नी, पूर्वी शाळेची बस चालवणारी, राहणार स्वतःचे घर, क्वारी रोड, हार्लन्स मिल्स, न्यू हॅम्पशायर, सध्या मनाविरुद्ध मुक्काम गावाबाहेरचे वृद्धसेवागृह, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र आता धरू नये.

‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द बाकीचे लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते सिद्ध करावे लागले. कोर्टाने माझ्यावर पालक नेमला आहे. मी कुठे राहायचे, काय खायचे, फोन कधी वापरायचा हे माझा मुलगा लुसियाँ ठरवतो. माझ्या वकील मिस प्रुइट यांनी सांगितले की तरीही मृत्युपत्र करण्याचा माझा हक्क शाबूत आहे, आणि डॉक्टरांनी मला तपासून तसे लिहून दिले. म्हणजे जिवंतपणी माझे काय व्हावे हे मी ठरवू शकत नाही, मेल्यानंतरचे ठरवू शकते. हा कायदा करणाऱ्यांना त्यात काही चमत्कारिक वाटलेले दिसत नाही.

१. ‘उंबरा’ हे माझे इंटरनेटवरचे पेज, त्याचे नाव आणि गावसभांची मी केलेली सर्व चित्रीकरणे टॅमसिन गिलमन हिला द्यावीत.

हे पेज कसे निघाले ते इथे लिहिते, कारण ते बंद पडल्यावर लोक काहीबाही सांगू लागले आहेत. आर्मांड गेल्यानंतरच्या हिवाळ्यात गावच्या कारभारी मंडळाने प्रत्येक खासगी बोअरवर मीटर बसवण्याचा ठराव आणला. बोअर आमची, जमीन आमची, खोदाईचा खर्च आमचा. मी संगणकापुढे बसले, हे पेज काढले आणि लिहिले की सरकारने माझ्या उंबऱ्यापर्यंत यावे, दार वाजवावे आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत तिथेच थांबावे. मार्चच्या गावसभेला शाळेच्या व्यायामशाळेत उभे राहायलाही जागा उरली नाही. ठराव पडला. मंडळाचा अध्यक्ष कर्टिस वॅडली माझ्याच वर्गातला. जाता जाता मला म्हणाला, “डेल्फीन, तू बस चालवत होतीस तेव्हा गावात शांतता होती.” मी ते वाक्य त्याच्या फोटोसकट पेजवर टाकले.

मग मी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत फोन घेऊन पुढच्या रांगेत बसू लागले. जे बोलले जाई ते गाव घरबसल्या पाही. गावातली टॅमसिन तेव्हा घरच्या ओव्हनमध्ये ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचे सारण भरलेली गोड पोळी, भाजून विकत असे. दुकानासारखे स्वयंपाकघर नाही म्हणून तिला दंड झाला. आम्ही तो नियमच गावासमोर मांडला, आणि लोकांनी तिचे ॲपल पाय खात खात तो रद्द केला. पुढे राजधानीतले आमच्याच पक्षाचे लोक आले. त्यांना पेजवरून उमेदवाराचा प्रचार हवा होता. मी आयुष्यभर त्याच पक्षाला मत दिले आहे, तरी नाही म्हणाले. जो माणूस आमच्या गावातला रस्ता ओळखत नाही, त्याने आमच्या पेजवर कशाला ओरडावे? टॅमसिनने पेज माझ्यासारखेच चालवावे असे नाही. तिचे डोके तिचे आहे.

२. चित्रीकरणांची एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी. त्यांच्या नव्या इमारतीच्या करवाढीविरुद्ध मी दोनदा मत दिले आणि अजून देईन. पण ग्रंथपालबाईंनी माझ्याशी बोलणे कधी सोडले नाही.

३. आर्मांडची शिकारीची बंदूक लुसियाँने माझ्या कपाटातून नेली आहे. ती सेंट ॲनच्या चर्चला विकण्यासाठी द्यावी आणि त्यातून आर्मांडच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना करावी.

४. माझी गाडी. ती विकली गेली आहे, असे मला रविवारी कळले. म्हणून हे कलम रिकामे.

५. माझ्या दफनाबद्दल. आर्मांडच्या शेजारी. इथे काम करणाऱ्या मुली मला ‘राणी’, ‘सोन्या’ अशा हाका मारतात. मनाने चांगल्या आहेत. पण दगडावर माझे पूर्ण नाव कोरावे.

६. घर.

याबद्दल लिहायचे तर मी इथे कशी आले ते सांगायला हवे. दोन हिवाळ्यांपूर्वी अंगणातल्या पायरीवर बर्फावरून माझा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. पोस्टमनने मला पाहिले तोवर माझी बोटे निळी पडली होती. इस्पितळात दुखण्याच्या औषधांनी मी काही दिवस भलतेच बोलत होते. आर्मांडला जेवायला हाका मारत होते म्हणे. लुसियाँ बॉस्टनहून आला, आणि त्याच दिवसांत त्याने कोर्टात अर्ज केला.

मी गावचा प्रत्येक नियम वाचत आले. कुत्र्यांचा, कुंपणांचा, शेडच्या उंचीचा. कायदा माझ्या घरात माझ्याच मुलाच्या हाताला धरून शिरेल, हे मनात आले नव्हते.

इथल्या दाराला आकड्यांचे कुलूप आहे आणि आकडे आम्हाला सांगत नाहीत. खिडकी तळहाताएवढी उघडते. पेजने माझी तब्येत बिघडते म्हणून लुसियाँने ते बंद केले, आणि बंद करताना माझ्याच नावाने लिहिले की मी आता आराम करते आहे. लोकांनी खाली फुलांची चित्रे टाकली.

कर्टिस आपल्या बहिणीला भेटायला इथे येतो. गेल्या शरद ऋतूत त्याने मला खिडकीशी पाहिले.

“तू तर आराम करत होतीस ना?” तो म्हणाला.

“हाच तो आराम.”

त्याने दाराचे कुलूप ओढून पाहिले. मग खुर्ची ओढून बसला आणि सगळे विचारून घेतले. मिस प्रुइट यांना त्यानेच आणले. पालकत्व उठवण्याच्या सुनावणीला तो स्वतः उभा राहिला. “बाईसाहेब,” तो न्यायाधीशांना म्हणाला, “हिचं डोकं फिरलं असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं, आणि मी गावभर केक वाटला असता.”

न्यायाधीशबाईंनी मला साल विचारले, वार विचारला, राज्यपालांचे नाव विचारले. मी सांगितले. मग त्यांनी विचारले, “घरी एकट्या राहिलात तर पुन्हा पडणार नाही, याची खात्री देता?”

“नाही,” मी म्हणाले. “तुम्ही तुमची देता?”

पालकत्व कायम राहिले.

बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात लुसियाँ माझ्या चाकांच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसला. आर्मांड मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करायच्या आमच्या झोपडीत वारला तेव्हा तो सगळ्यात आधी लुसियाँला सापडला होता, शाळेतून आल्या आल्या. “आई, तूही मला तशी थंडगार सापडायला नकोयस,” तो म्हणाला. “तू माझा राग कर. पण जिवंत राहून कर.” मी रागच करते आहे. तो रडत होता हेही खरे आहे.

मिस प्रुइट म्हणाल्या की घर लुसियाँला देताना अटी घालता येतील. वर्षातले काही महिने त्याने तिथेच राहायचे, परक्याला विकायचे नाही, पाकाची झोपडी पाडायची नाही, आणि अटी मोडल्या तर घर चर्चला. मी सगळ्या लिहून काढल्या. एकेक लिहिताना फार बरे वाटले. मी मेल्यावरही त्याला माझ्या परवानगीशिवाय खिळा ठोकता आला नसता. दुसऱ्या दिवशी त्या वाचल्या तेव्हा अक्षर माझे होते आणि भाषा त्याच्या कोर्टातल्या अर्जाची होती. तो अर्जही माझ्या भल्यासाठीच होता.

म्हणून क्वारी रोडवरचे घर, जमीन, बोअर आणि पाकाची झोपडी, तोवर त्याने हे विकले नसेल तर, मी माझा मुलगा लुसियाँ आर्मांड ऊलेट याला देते. अट काहीही नाही. त्याने राहावे, विकावे, पाडावे. त्याने मला विचारायचे म्हटले, तरी मी तेव्हा नसेन, आणि तेच बरे आहे.

७. कर्टिस वॅडलीला मी काही देत नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. सरकारचा हा एक नियम मला पसंत आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी समजून घेतले आणि स्वतःच्या हाताने सही केली.

(सही) डेल्फीन मारी ऊलेट

स्थळ: हार्लन्स मिल्स, न्यू हॅम्पशायर
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार

साक्षीदार:

१. (सही) ब्रॉन्विन टटल, मिस प्रुइट यांच्या कार्यालयातून.

२. (सही) कर्टिस वॅडली. वर लिहिलेल्यापैकी अर्धे मला पटत नाही आणि ते मी यांना तोंडावर सांगितले आहे. पण यातला शब्दन् शब्द यांचा आहे. मी समोर बसून पाहिले.