गोल पिनचा कीबोर्ड

४ जानेवारी, सकाळ

प्रिय टायपिंगबाई,

तुझ्या हयातीत नवरा या नात्याने मी तुला या नावाने कधीही हाक मारली नाही. परंतु सारी गल्ली तुला याच नावाने ओळखत होती, आणि तुझ्याच टायपिंगच्या खोलीत बसून तुला लिहायचे तर हेच संबोधन उचित ठरेल. कळविण्यास आनंद होतो की, तुझ्या पश्चात बंद पडलेल्या तुझ्या कॉम्प्युटरचा जळालेला मदरबोर्ड काल बदलण्यात आला. पडदा उजळला. फक्त नवा कीबोर्ड आणि माऊस चालत नाहीत. किरकोळ बाब आहे. उद्या दुपारपर्यंत उरकेल.

त्याच दिवशी, दुपार

सकाळचा मजकूर भावनेच्या भरात लिहिला गेला. यापुढे ही केवळ तांत्रिक नोंदवही राहील. तिला उद्देशून काहीही लिहिले जाणार नाही.

खालच्या मजल्यावरून मालकीणबाई येऊन गेल्या. त्यांच्या सुनेला या खोलीत शिवणक्लास काढायचा आहे. शिलाई मशीन आलेसुद्धा. जिन्याखाली चादर पांघरून उभे आहे. मी त्यांना शब्द दिला की, ज्या दिवशी कॉम्प्युटर चालू होईल त्या दिवशी लोकांची अडकलेली कामे ज्याची त्याला देईन आणि महिनाअखेरीच्या आत खोली रिकामी करीन. त्या म्हणाल्या, सावकाश होऊ द्या, भावोजी. 'सावकाश' हा शब्द त्यांचा आहे, याची नोंद असावी.

६ जानेवारी

दोषाचे स्वरूप निश्चित केले. मशीन सुरू करताच जो काळा पडदा येतो, तेथे कीबोर्ड निमूटपणे ऐकतो. मुख्य पडदा आला की त्याचा दिवा विझतो. माऊसचेही तसेच. उंबरठ्यापर्यंत ओळख दाखवायची आणि आत गेल्यावर अनोळखी व्हायचे. दहाव्यानंतर काही नातेवाईक असेच वागले.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून टाकू. एकदम नव्यासारखं होईल." आत काय उरेल, असे मी विचारले. तो म्हणाला, काहीच नाही, तोच तर फायदा. अशाच आशयाचा सल्ला नातेवाइकांनी मलाही दिलेला आहे. दोन्ही सल्ले फेटाळले.

९ जानेवारी

आणखी एक नवा कीबोर्ड आणला. बिनतारी. निकाल: नाही.

संकल्प: सकाळी दहा ते पाच खोलीत बसणे. दोष दूर होताच तिचा व्यवसाय मीच पुढे चालवणार असल्यामुळे वेळ वाया घालवणे परवडणारे नाही. म्हणून बंद कीबोर्डवरच टायपिंगचा सराव आरंभला आहे. वेग समाधानकारक. अद्याप एकही चूक दिसून आलेली नाही.

१३ जानेवारी

प्रबंधवाल्या बाई आल्या. शाळेत शिकवतात; कित्येक वर्षे पीएचडी करीत आहेत. त्यांच्या शेवटच्या प्रकरणाची दुरुस्त केलेली प्रत या मशीनमध्ये आहे आणि अन्यत्र कोठेही नाही. महिनाअखेरीस प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द होईल. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी स्पष्ट नकार दिला. तीत इतरांची गोपनीय प्रतिज्ञापत्रे आहेत. शिवाय डिस्क या खोलीबाहेर नेणे मला प्रशस्त वाटत नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती होईल, अशी हमी दिली. बाई गेल्यावर सराव केला.

१५ जानेवारी

लेकीचा फोन. मशीनच्या मागे गोल छिद्र आहे का, असे तिने विचारले. आहे. "मग आईचा जुना कीबोर्ड लावा ना, बाबा. तो गोल पिनचाच आहे." यूएसबीची नवी छिद्रे जुन्या सिस्टिमला ओळखता येत नाहीत, गोल छिद्र ओळखता येते; एकदा आत शिरता आले की नव्या मदरबोर्डासोबत आलेली सीडी घालायची आणि मग सगळे चालू होईल, असे तिचे म्हणणे.

सूचना अव्यवहार्य आहे. तो कीबोर्ड कालबाह्य आहे. त्यावरील अक्षरे पुसट झाली आहेत. त्याखेरीज तो तिच्या आईने शिवलेल्या खोळीत घालून कपाटावर ठेवलेला आहे आणि तिच्यानंतर त्यावर कोणाचीही बोटे पडलेली नाहीत. तांत्रिकदृष्ट्या ही बाब महत्त्वाची आहे. लेकीला यातील पहिली दोन कारणे सांगितली.

१६ जानेवारी

शुक्रवार. प्रबंधवाल्या बाईंचा फोन आला. सोमवारपर्यंत, असे सांगितले.

१८ जानेवारी

माझ्यावर हटवादीपणाचा आरोप नको म्हणून जुना कीबोर्ड लावून पाहिला. खोळीतून केवळ वायर बाहेर काढली आणि चालू मशीनला जोडली. काहीही झाले नाही. प्रयोग निर्णायक ठरल्यामुळे मनाला फार बरे वाटले. वायर नीट गुंडाळून ठेवली.

मालकीणबाई जिन्यात भेटल्या. दुरुस्तीस वेळ लागेल, असे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "भावोजी, मशीन बंद आहे म्हणता. मग दिवसभर वर खटखट कोण करतं? काल भाजी चिरता चिरता मी तिला हाक मारली."

सराव चालू आहे, असे उत्तर दिले. ते पुरेसे होते असे वाटत नाही.

२१ जानेवारी

लेकीने विचारले, गोल पिन लावताना मशीन बंद केले होते ना. मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. तिने मोठ्याने सांगितले: गोल पिन चालू मशीनला कळत नाही, आधी बंद करा, मग लावा, मग सुरू करा. नंतर हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो चालू करायचाय ना नक्की?"

वडिलांशी अशा भाषेत बोलू नये, असे तिला सुनावले. तिने लगेच माफी मागितली. मागायला नको होती.

२४ जानेवारी

प्रबंधवाल्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी काही मागितले नाही. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिल्या. मी सरावाचे नाटक केले. मग त्या सहज सांगू लागल्या की, टायपिंगबाई प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने वाचत, आणि एखादे अडखळले की थांबून म्हणत, "हे काही आमच्या ह्यांना आवडणार नाही. बदलू या."

तुमचे शेवटचे प्रकरण आमच्या ह्यांनाही आवडेल असे झाले आहे, हे तिचे त्यांच्याशी झालेले अखेरचे बोलणे.

ती मला विचारात घेऊन टाईप करीत असे, हे मला ठाऊक नव्हते. उद्या सकाळी या, असे बाईंना सांगितले. या खेपेस कारण दिले नाही.

२५ जानेवारी, सकाळ

मशीन बंद केले. खोळ काढली.

स्पेसबार उजव्या बाजूलाच गुळगुळीत झाला आहे. तुझा उजवा अंगठा. फटींत खडूसारखी पांढरी धूळ आहे. सर्वांत जास्त झिजलेले बटण बॅकस्पेसचे आहे. तू चुका करीत नसस, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो.

पिन लावली. मशीन सुरू केले. मुख्य पडदा आला. पासवर्ड तू ठेवलाच नव्हतास. एंटर दाबायचे होते. थोडा वेळ घेतला. दाबले.

दुपार

लेक फोनवरून सांगत गेली, मी तुझ्या कीबोर्डवर बटणे दाबत गेलो. सीडी फिरली. माऊसचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मग एकेक करून सारे नवे कीबोर्डही चालू लागले. तुझ्या कीबोर्डची गरज उरली नाही.

प्रबंधवाल्या बाई प्रकरण पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या. जाताना त्यांनी स्टूल टेबलाखाली सरकवून ठेवले.

सरावाचा उपयोग व्हावा म्हणून पडद्यावर तुला एक वाक्य टाईप केले. त्यातील प्रत्येक चूक दिसली. बॅकस्पेस दाबत पहिल्या अक्षरापर्यंत मागे गेलो.

३१ जानेवारी

लोकांची उरलेली कामे ज्याची त्याला देऊन झाली. कॉम्प्युटर टेम्पोतून घरी पाठवला. कीबोर्ड मी स्वतः हातात घेतला. टेबल मालकीणबाईंच्या सुनेला कापड बेतण्यासाठी हवे होते, दिले. जिन्याखालील शिलाई मशीनवरची चादर काढलेली होती. अधूनमधून येत जा, भावोजी, असे मालकीणबाई म्हणाल्या. आता येण्यास कारण नाही, असे मी सांगितले.

खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.