बिनरंगाचे मिक्स्चर

१० जानेवारी १९३८, नंदुरबार
ठरले. नोकरी सोडायची. कंपाउंडरची परीक्षा पुण्यात पहिल्या वर्गात पास होऊन डॉक्टर इंद्रसिंगांच्या दवाखान्यात राबणे म्हणजे औषध मोजायच्या मेजर ग्लासने गुरांना पाणी पाजणे. आज म्हणाले, बाई, मिक्स्चरमध्ये थोडा लाल रंग टाकत जा, लोकांना बरे वाटते. म्हटले, रंगाने कोणी बरे होत नाही. म्हणाले, बिनरंगाने तरी कोण होतंय? मी वादात उतरत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. डॉक्टरांनी तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाले. रोख कळला. दिवसभर कोणाशीच बोलले नाही, म्हणजे कडूही बोलले नाही.

१९ जानेवारी
लोटन पाटील खोकल्याची बाटली परत घेऊन आला. उजेडात धरून म्हणाला, "माय, हाई ते पानी शे. पानी मन्हा घर बी शे." त्याला मिक्स्चरमधले सगळे घटक प्रमाणासकट सांगितले. शांतपणे ऐकले त्याने. मग बाटली टेबलावर ठेवून निघून गेला. पटले असावे.

२५ जानेवारी
पेशंटची गर्दी निम्म्यावर आली. औषध लागू पडते आहे. डॉक्टर काळजीत दिसतात. गावाचे आरोग्य सुधारलेले त्यांना परवडत नसेल.

२७ जानेवारी
डॉक्टर माझ्या टेबलावर वर्तमानपत्र विसरले. नेमकी जाहिरात वरच्या घडीवर. खांडबाऱ्याला चुनीलाल शेठ धर्मार्थ दवाखाना काढत आहेत, कंपाउंडर पाहिजे. निष्काळजी माणसाचाही असा उपयोग होतो. अर्ज टाकला. तिथे तरी कोणी रंगाचे नाव काढणार नाही. ही जागा मिळालीच पाहिजे. या कानाचे त्या कानाला कळू दिलेले नाही.

१ फेब्रुवारी
मंगळवार. डॉक्टर दुपारच्या गाडीने कुठेतरी जातात. पत्ते कुटायला, दुसरे काय. बाटल्या धुणारी कौसाबाई सांगू लागली, "ताई, डॉक्टर दर मंगळवारे तठेच..." तिला तिथेच थांबवले. मालकामागे बोललेले मला खपत नाही. शिवाय बोलता बोलता माझ्या अर्जाचा वास लागायचा. जाताना म्हणाली, "गोधडी लई जाजो ताई, खांडबाराले थंडी शे."
योगायोग.

६ फेब्रुवारी
इंटरव्ह्यूची तयारी, आरशासमोर. मान ताठ, नजर स्थिर, आवाज कोरडा. चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही. शेजारची अमिना दारातून बघत होती. विचारते, पेट में दर्द है क्या? आत्मविश्वास लोकांच्या ओळखीचा राहिलेला नाही.

१० फेब्रुवारी
इंटरव्ह्यू उत्तम.
शेठची नंदुरबारातली पेढी मिरचीच्या वखारीला लागून आहे. बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, बायका त्या उलटवीत होत्या. आत जाऊन बसले आणि डोळ्यांना धार लागली. शेठनी विचारले, सध्याची जागा का सोडता? मी अडवून धरलेली शिंक त्याच क्षणी निसटली. ती त्यांना हुंदक्यासारखी वाटली असावी. म्हणाले, "बेन, रडू नका. मला सगळं कळलंय. जागा तुमचीच समजा." मुनीम इद्रिस यांनी पाणी आणून दिले आणि तोंड फिरवून उभे राहिले.
मिरचीचा परिणाम रासायनिक असतो, भावनेशी त्याचा संबंध नाही. निवड गुणवत्तेवर झाली. सर्टिफिकेट बघायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले.

२६ फेब्रुवारी
राजीनामा दिला. शास्त्र, शिस्त आणि लोकांच्या अडाणीपणापुढे मान तुकवणारे डॉक्टर, या विषयांवर आठ दिवस घोटलेले भाषण होते. शास्त्रापर्यंत पोचले तोच डॉक्टरांनी गळ्यात हार घातला. बातमी तर मी नुकतीच दिली होती. हार इतक्यात कुठून आला, कळले नाही. दाराशी लोटन पाटील पेढे वाटत होता. माणसाला उशिरा किंमत कळते. डॉक्टर म्हणाले, भेटूच. म्हटले, शक्यता कमी.

१ मार्च, खांडबारा
सकाळी फडताळे लावली. लेबले एका रेषेत. लाल रंग कुठेही नाही.
दुपारच्या गाडीने शेठ आले. दवाखान्याच्या डॉक्टरांची ओळख करून देतो म्हणाले. मागे डॉक्टर इंद्रसिंग. दर मंगळवारी ते येणार. दवाखान्याची कल्पनाही त्यांचीच, माझी शिफारसही. शेठ म्हणाले, नंदुरबारला बेनचे किती हाल होत होते ते या डॉक्टरभाईंनीच सांगितले.
नंदुरबारच्या दवाखान्यात आता पाय ठेवायला जागा नाही, असे डॉक्टरांनी आनंदाने सांगितले. उघड आहे, माझे औषध बंद होताच दुखणी उलटली.
मग पहिली पेशंट आली, दगूबाई. तिने बाटली उजेडात धरली. पुढे काय म्हणणार ते मला ठाऊक होते. डॉक्टरांनी खिशातून एक छोटी कुपी काढून माझ्यासमोर ठेवली. लाल. खोलीत मिरची नव्हती, तरी डोळे चुरचुरले.
दगूबाईने बाटली पुन्हा उजेडात धरली. बूच न काढताच म्हणाली, "आते बरं वाटी ऱ्हायनं."
दोन थेंब टाकले होते. मोजून.